पुरावर पिकणारी भूमी : आफ्रिकेतील पाणथळ प्रदेशांचे मोल

बागायतदार शेतकऱ्यास ‘चिबड’ हा शब्द नवा नाही. कालव्याचे पाणी बेसुमार दिले आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष केले, म्हणजे काळ्या जमिनीत पाणी मुरून राहते, क्षार वर येतात आणि सोन्यासारखी जमीन हातची जाते. नीरेसारख्या जुन्या कालव्यांखाली महाराष्ट्राने हा अनुभव शंभर वर्षांहून अधिक काळ घेतला आहे. साहजिकच, जेथे पाणी साचते ती जमीन रोगट आणि चर काढून तिचा निचरा करणे हाच तिच्यावरील उपाय, अशी समजूत रूढ झाली आहे.

चिबड जमिनीपुरती ही समजूत बरोबर आहे. परंतु निसर्गतःच पाणथळ असलेल्या प्रदेशास ती लागू केली तर फार मोठी चूक होते. चिबड ही पाण्याच्या अतिवापराने बिघडलेली जमीन होय. पाणथळ प्रदेश हा पाण्यानेच घडविलेला असतो. त्याचे पाणी तोडणे म्हणजे त्याचे उत्पन्न तोडणे होय. आफ्रिका खंडातील काही मोठ्या पाणथळ प्रदेशांचा गेल्या पन्नास-साठ वर्षांतील अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पाणथळ प्रदेश म्हणजे काय?

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ पासून त्यात सहभागी आहे. या करारातील व्याख्या व्यापक आहे. दलदल, तळी, सरोवरे, नदीकाठची पुराची मैदाने, खाड्या, खारफुटीची वने, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्रकिनारा, या सर्वांचा तीत समावेश होतो. पाणी कायमचे असो की काही महिन्यांपुरते, गोडे असो की खारे, जागा निसर्गनिर्मित असो की मानवनिर्मित, ती पाणथळच समजली जाते.

आफ्रिकेत या सर्व प्रकारच्या जागा आढळतात. त्यांपैकी शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची म्हणजे पुराची मैदाने. वर्षातील काही महिने ती पाण्याखाली असतात व उरलेले महिने उघडी पडतात. पाण्याच्या या येण्याजाण्यातच त्यांची सुपीकता साठविलेली असते.

नायजर नदीचे अंतर्गत मैदान

पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदी सुमारे ४,२०० किलोमीटर लांब आहे. गिनी देशाच्या डोंगराळ भागात, अटलांटिक महासागरापासून फारशा दूर नसलेल्या ठिकाणी, तिचा उगम होतो. परंतु जवळच्या समुद्राकडे न जाता ती ईशान्येस, सहारा वाळवंटाच्या दिशेने वळते. माली देशाच्या मध्यभागी जमीन अतिशय सपाट असल्यामुळे नदीचे असंख्य फाटे फुटतात आणि पाणी दूरवर पसरते. या प्रदेशास नायजरचा अंतर्गत त्रिभुज प्रदेश असे म्हणतात. २००४ मध्ये रामसर करारान्वये त्यातील ४१,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राची नोंद झाली.

येथील विशेष गोष्ट अशी की, हा पूर स्थानिक पावसाचा नसतो. या भागात पाऊस थोडा पडतो आणि उत्तरेकडे तो अधिकच कमी होत जातो. गिनीच्या डोंगरात जुलै ते सप्टेंबर या काळात पडलेल्या पावसाचे पाणी हळूहळू खाली येते. मोपती शहराच्या परिसरात पूर बहुधा पावसाळा सरल्यानंतर शिगेस पोहोचतो, तर उत्तरेकडे टिंबक्टूच्या बाजूस त्यास आणखी काही आठवडे लागतात. म्हणजे सभोवारचे रान वाळू लागते, त्याच वेळी हे मैदान पाण्याने भरलेले असते. ज्या कोरड्या प्रदेशात एरवी विरळ वस्तीच जगली असती, तेथे दहा लाखांहून अधिक माणसे या पुराच्या आधाराने राहतात.

एक पूर, तीन पिके

या मैदानावर एकाच जमिनीपासून एका वर्षात तीन प्रकारचे उत्पन्न निघते, असे म्हटल्यास ते चूक होणार नाही.

पहिले उत्पन्न भाताचे. आफ्रिकेतील देशी भात हा आपल्या भाताहून वेगळ्या जातीचा असून शास्त्रात त्यास ओरायझा ग्लॅबेरिमा असे नाव आहे. नायजरच्या याच परिसरात प्राचीन काळी त्याची लागवड प्रथम झाली असावी, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. मार्का व बाम्बारा शेतकरी पहिल्या पावसावर भात पेरतात. रोप मूळ धरून उभे राहिल्यावर पूर येतो आणि पाणी चढेल तसतसा भाताचा दांडा वाढत जातो. पाऊस उशिरा आला तर कोवळे रोप पुरात बुडते. पूर कमी आला तर दाणा भरत नाही. ही शेती सर्वस्वी पाण्याच्या वेळेवर अवलंबून आहे.

दुसरे उत्पन्न मासळीचे. पूर मैदानावर पसरतो तेव्हा मासे नदीतून बाहेर पडून उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात. बुडालेले गवत, गुरांचे शेण व कुजलेला पाला यांच्यावर लहान माशांचे पोषण होते. पाणी उतरू लागताच ते नदीकडे परततात आणि त्या वेळी बोझो जमातीचे कोळी त्यांस पकडतात. पूर जितका मोठा व जितका अधिक काळ टिकणारा, तितकी मासळी अधिक, हे तेथे वर्षानुवर्षे दिसून आले आहे. खारवलेली व धुरावलेली मासळी मोपतीच्या बाजारातून शेजारच्या देशांत जाते.

तिसरे उत्पन्न वैरणीचे. ‘बूर्गू’ नावाचे गवत पुराबरोबर वाढते. तीन-चार मीटर खोल पाण्यातही त्याचे शेंडे वर तरंगत राहतात. पाणी ओसरले म्हणजे हे गवत जमिनीवर लवते आणि भर उन्हाळ्यात हिरवा चारा देते. त्याच्या दांड्यात साखर असल्यामुळे लोक त्यापासून गोड पेयही बनवितात. पावसाळ्यात फुलानी गुराखी आपले कळप घेऊन दूरच्या कोरड्या रानात जातात आणि पूर ओसरू लागला म्हणजे परत येतात. दियाफाराबे येथे लाखोंच्या संख्येतील गुरांचे कळप नदी पोहून पलीकडे जातात, तेव्हा गावोगावी उत्सव होतो. या परंपरेची नोंद युनेस्कोनेही घेतलेली आहे.

गुरे चरून गेलेल्या जमिनीत त्यांचे शेण राहते. पुढील वर्षाच्या पुरात त्याचे खत होते व ते मासे आणि भात यांच्या उपयोगी पडते. अशा रीतीने कोळी, गुराखी व शेतकरी एकाच जमिनीचा, परंतु वेगवेगळ्या महिन्यांत, उपयोग करतात.

वहिवाटीचे नियम

तिघांचा हक्क एकाच जमिनीवर असला म्हणजे भांडणे उद्भवणारच. यासाठी नियमही जुनेच आहेत. १८१८ च्या सुमारास सेकू अमादू या फुलानी नेत्याने मासिना राज्य स्थापन केले. त्याच्या राज्यात ‘दिना’ या नावाने प्रसिद्ध असलेली व्यवस्था बसविण्यात आली. कोणत्या कळपाने कोणत्या क्रमाने कुरणात उतरावे, गुरांचे रस्ते कोठून जावेत, पिकास उपद्रव होऊ नये म्हणून कळपांनी कोठे थांबावे, हे सारे तीत ठरलेले होते. मासेमारीसाठीही पाण्याचे परंपरागत मुखी असत. कोणत्या डोहात जाळे केव्हा टाकावे हे ते ठरवीत.

१९६० मध्ये माली स्वतंत्र झाल्यानंतर जमीन व पाणी यांची मालकी शासनाकडे आली आणि जुन्या मुखींचा अधिकार ढिला पडला. परंतु त्याची जागा घेईल अशी नवी व्यवस्था सर्वत्र उभी राहिली नाही. बूर्गूची कुरणे नांगरून तेथे भात पेरण्यात येऊ लागला, गुरांचे रस्ते अडले आणि तंटे वाढले. २०१२ पासून त्या देशात सुरू झालेल्या सशस्त्र संघर्षात या तंट्यांची भर पडून मध्य मालीतील परिस्थिती अधिकच बिकट झाली.

न दिसणारे लाभ

भात, मासळी व चारा हे डोळ्यांना दिसणारे लाभ झाले. त्यांखेरीज काही लाभ सहजासहजी दिसत नाहीत.

पुराचे पाणी मैदानावर रेंगाळते, म्हणून ते जमिनीत मुरते. नायजेरियाच्या ईशान्येस हदेजिया-न्गुरू नावाचे पुराचे मैदान आहे. तेथील गावांच्या विहिरी व उन्हाळी भाजीपाल्याची शेती यांस लागणारे भूजल प्रामुख्याने या पुरानेच भरून निघते. पूर आला नाही तर विहिरींची पातळी खाली जाते आणि पाणी उपसण्याचा खर्च वाढतो.

पाणथळीतील दाट वनस्पती पाणी गाळण्याचेही कार्य करतात. युगांडाची राजधानी कंपाला येथे नाकिवुबो नावाची लव्हाळ्यांची दलदल आहे. शहराचे सांडपाणी तीतून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाते व वाटेत त्यातील गाळ व घाण काही अंशी अडविली जाते. दलदल बुजवून तेथे घरे व शेते झाली, म्हणजे हेच काम यंत्रांकडून, पैसे मोजून, करून घ्यावे लागते.

पक्ष्यांच्या दृष्टीनेही या जागा महत्त्वाच्या आहेत. युरोपात कडाक्याची थंडी पडली म्हणजे लक्षावधी पाणपक्षी सहारा ओलांडून नायजरच्या मैदानावर उतरतात. त्यांत डोळ्यांवर पांढरी भुवई असलेले गार्गनी बदक असते. त्याच जातीची बदके हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवरही येतात.

संकटे कोणती?

पहिले संकट अवर्षणाचे. १९७० नंतर पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात पाऊसमान दीर्घकाळ घटले. १९७३ व १९८४ ही वर्षे विशेष कठीण गेली. १९८४ मध्ये नायजरच्या मैदानावर पाण्याखाली आलेले क्षेत्र चांगल्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी होते. मासळी घटली, बूर्गू वाळले आणि असंख्य गुरे दगावली. हे संकट मुख्यतः निसर्गाचे होते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक हानीचा दोष धरणांच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही.

दुसरे संकट नदीच्या वरच्या अंगास पाणी अडविण्याचे. नायजरवर मार्काला येथे १९४७ मध्ये बंधारा पूर्ण झाला. त्याच्या पाण्यावर आज विस्तीर्ण क्षेत्रात भात पिकतो व मालीच्या अन्नपुरवठ्यास त्याचा मोठा आधार आहे. ओलिताचा हा लाभ नाकारता येत नाही. परंतु भरपूर पुराच्या वर्षी अडविलेले पाणी खालच्या मैदानास फारसे जाणवत नाही. तेवढेच पाणी दुष्काळी वर्षी अडविले, म्हणजे उरलेल्या थोड्या पुरातील मोठा वाटा नाहीसा होतो. ज्या वर्षी खालच्या लोकांस पाण्याची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी त्यांस सर्वाधिक झळ पोहोचते.

हदेजिया-न्गुरू मैदानाच्या वर १९७४ मध्ये टिगा धरण झाले व पुढे १९९२ मध्ये चालावा धरण पूर्ण झाले. अवर्षण आणि धरणे या दोहोंमुळे पुराखालील क्षेत्र बरेच आकसले. कॅमेरूनमध्ये लोगोन नदीच्या मैदानावर भाताच्या योजनेसाठी १९७९ मध्ये मागा येथे धरण बांधण्यात आले. त्यामुळे खालच्या शेकडो चौरस किलोमीटर क्षेत्रास पूर मिळेनासा झाला. बहुवर्षायू गवते जाऊन हलक्या प्रतीची वार्षिक गवते आली, मासेमारी बसली आणि गुराख्यांस कुरणे सोडून जावे लागले.

तिसरे संकट तणांचे व रोगांचे. ठरावीक वेळी चढणारे व उतरणारे पाणी वर्षभर एकाच पातळीवर राहू लागले, म्हणजे पाणकणीस माजते. सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये दियामा बंधारा पूर्ण झाला. समुद्राचे खारे पाणी आत शिरणे थांबले व ओलिताची सोय झाली. परंतु गोड्या, स्थिर पाण्यात पाणकणसाची दाट वाढ झाली. त्या पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामार्फत पसरणारा बिलहार्झिया हा रोग काही वर्षांतच रिशार तोल परिसरात फैलावला. आपल्याकडील नद्यांत जी जलपर्णी दिसते, तिनेही आफ्रिकेतील अनेक जलाशयांत उच्छाद मांडला आहे.

चौथे संकट भरावाचे व अतिक्रमणाचे. शहराजवळची पाणथळ जागा स्वस्त व ‘मोकळी’ समजली जाते. तेथे प्रथम कचरा पडतो, मग भराव होतो आणि शेवटी वस्ती उभी राहते. पाऊस मोठा झाला की तेच पाणी त्या वस्तीत शिरते.

‘वाया जाणारे’ पाणी

या सर्व योजनांमागे एक विचार समान आढळतो. मैदानावर पसरलेले पाणी उन्हाने उडून जाते, म्हणजे ते वाया जाते, असा तो विचार होय. त्याचे मोठे उदाहरण दक्षिण सुदानमध्ये आहे. श्वेत नाईल नदी तेथे ‘सुद्द’ नावाच्या प्रचंड दलदलीत शिरते आणि तिचे निम्म्याहून अधिक पाणी बाष्परूपाने जाते. हे पाणी वाचविण्यासाठी दलदलीस वळसा घालणारा ३६० किलोमीटर लांबीचा जोंगलेई कालवा १९७८ मध्ये खणण्यास प्रारंभ झाला. तेथील दिंका व नुएर लोकांची उन्हाळी कुरणे याच पुरावर अवलंबून होती. यादवी युद्धामुळे १९८४ मध्ये काम थांबले. दोन-तृतीयांशाहून अधिक खणलेला हा कालवा तसाच पडून राहिला.

पाणी खरोखरच वाया जात होते काय, याचा हिशेब हदेजिया-न्गुरू येथे मांडण्यात आला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी मैदानावरील शेती, मासळी व जळण यांचे निव्वळ उत्पन्न काढले आणि वरच्या अंगाच्या कालवा योजनेच्या उत्पन्नाशी ते ताडून पाहिले. तेव्हा असे आढळून आले की, जेवढ्यास तेवढे पाणी धरले तर नैसर्गिक पुराचे मैदान कालवा योजनेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक उत्पन्न देते. मैदानावर पूर पसरण्यास धरण लागत नाही, कालवे लागत नाहीत. म्हणून त्यांचा खर्चही नाही. शिवाय चराईचे व भूजलाचे मोल या हिशेबात धरलेलेच नव्हते. धरणाचा लाभ एका ठिकाणी मोजला जातो, कारण तेथे पाणीपट्टीची व धान्याची नोंद होते. मैदानावरील कोळ्याचा, गुराख्याचा व लहान शेतकऱ्याचा तोटा हजारो घरांत विखुरलेला असतो. तो कोणत्याच वहीत चढत नाही.

परत आणलेला पूर

गेलेला पूर परत आणता येतो, हेही आफ्रिकेतच दिसून आले आहे. कॅमेरूनमधील लोगोनच्या मैदानावर १९९४ मध्ये व पुन्हा १९९७ मध्ये बांधाने तोडलेले जुने ओहोळ मोकळे करण्यात आले. पाणी पुन्हा पसरू लागताच काही वर्षांतच बहुवर्षायू गवते परत फुटली, मासळी वाढली व गुराख्यांचे कळप पुन्हा येऊ लागले. भाताची योजना त्यासाठी मोडावी लागली नाही.

सेनेगल नदीच्या मुखाजवळ मॉरिटानिया देशाने १९९१ मध्ये दियावलिंग राष्ट्रीय उद्यान स्थापिले आणि बंधाऱ्याच्या दरवाजांतून ठरावीक काळी पाणी सोडून कृत्रिम पूर आणण्यास सुरुवात केली. मासे, पक्षी व खारफुटी तर परतलीच, पण ज्या गवतापासून तेथील स्त्रिया चटया विणतात तेही पुन्हा उगवू लागले.

मालीमध्ये यूवारू भागात १९८४ च्या दुष्काळानंतर गावकऱ्यांनी बूर्गूची पुन्हा लागवड केली व पुरात उभ्या राहणाऱ्या बाभळीच्या वनांस संरक्षण दिले. चराईचे नियम गावांनी स्वतः ठरविले. त्या वनांत बगळ्यांची वीण पुन्हा होऊ लागली व त्यांच्या विष्ठेने सुपीक झालेल्या पाण्यात मासळीही वाढली.

या तिन्ही ठिकाणी धरण पाडण्यात आले नाही. पाणी किती सोडावे, केव्हा सोडावे आणि ते ठरविताना खालच्या लोकांस विचारावे की नाही, एवढाच प्रश्न होता.

बोध

पाणथळ जागेचा प्रश्न महाराष्ट्रासही परका नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बंधाऱ्यामुळे निर्माण झालेल्या पाणथळीस राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. लहान-मोठ्या पाणथळ जागा तर कित्येक गावांच्या शिवारात असतात आणि सातबारावर त्यांची नोंद बहुधा पोटखराबा किंवा पडीक अशी असते. अशा जागेचा निचरा करण्याची, ती बुजविण्याची अथवा तिचा ओढा वळविण्याची सूचना पुढे आल्यास, ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी प्रथम पुढील गोष्टींचा विचार करावा :

(१) जागा कालव्याच्या पाझराने चिबड झाली आहे, की पूर्वापार पाणथळ आहे? पहिल्या प्रकारात निचरा अवश्य करावा. दुसऱ्या प्रकारात घाई करू नये.

(२) वर्षाच्या कोणत्या महिन्यात तेथे कोण येते? गुरे, शेळ्या, भोई, बुरुड, लव्हाळे कापणाऱ्या स्त्रिया, या सर्वांची नोंद घ्यावी. एका दिवसाच्या पाहणीत ही माणसे दिसत नाहीत.

(३) आसपासच्या विहिरींचे पाणी त्या जागेवर अवलंबून आहे काय, हे उन्हाळ्यातील पातळी पाहून ठरवावे.

(४) पाणी वर अडविले तर खाली कोणास कमी पडेल आणि तेही दुष्काळी वर्षी किती कमी पडेल, याचा अंदाज घ्यावा.

(५) ठराव करण्यापूर्वी वरच्या व खालच्या दोन्ही बाजूंच्या लोकांस एकत्र बसवावे.

नायजरच्या काठी बोझो कोळी, फुलानी गुराखी व भात पेरणारा शेतकरी यांनी शतकानुशतके एकाच पाण्यावर संसार केले. ते पाणी तिघांचे आहे, ही जाणीव जोवर होती व ती पाळण्याचे नियम होते, तोवर मैदान पिकत राहिले. पाणथळ जागेस पडीक म्हणण्यापूर्वी ती कोणाकोणाच्या घरची चूल पेटविते, हे पाहून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.